लेविटटाऊनचे घर आणि त्याभोवतीचे कुंपण
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्याच्या मालकीचे घर आणि जमिनीचा तुकडा आहे तो माणूस कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याच्यामागे दुसरी कामेच फार असतात, असे उद्गार अमेरिकेतील बांधकामसम्राट विल्यम लेविट याने 1948 साली काढले होते. आपल्याकडे हे वाक्य हसण्यावारी नेले जाते. मला मात्र ते गंभीरपणे तपासावेसे वाटते, कारण या गृहस्थाने तशा घरांचे एक संपूर्ण गाव उभे केले होते.

हे गाव न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या नासाऊ कौंटीत आहे. कौंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा. 'उपनगर' हा शब्द मात्र येथे दिशाभूल करतो. तो वाचताच आपल्या डोळ्यांपुढे कुर्ला-भांडुपची दाटी उभी राहते. नासाऊमधील उपनगर म्हणजे हिरवळीच्या तुकड्यात सुटे उभे असलेले एका कुटुंबाचे घर आणि दारात मोटार. त्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधण्यास बहुतेक ठिकाणी नियमानेच बंदी असते. ही बंदी ध्यानात ठेवावी.

महायुद्धाहून परतलेले सैनिक सासुरवाडीच्या एका खोलीत, लष्कराच्या पत्र्याच्या बराकीत संसार करीत होते. लेविटने 1947 पासून बटाट्याच्या शेतांवर घरे उभारावयास आरंभ केला आणि 1951 पर्यंत 17,000 हून अधिक घरे बांधली. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो आणि कामगार जागी उभा असतो. येथे घर जागी होते आणि मजुरांच्या टोळ्या एकेक ठरावीक काम उरकीत पुढे सरकत होत्या. युनियनच्या कामगारांना त्याने दूर ठेवले होते. 1949 साली घराची किंमत 7,990 डॉलर होती आणि माजी सैनिकाला आरंभी एक पैही भरावी लागत नसे. त्या कुटुंबांना झालेला आनंद खरा होता. त्याची टिंगल करण्याचे आपणास काहीच कारण नाही.

परंतु ही खुल्या बाजाराची किमया नव्हती. कर्जाची हमी सरकारची होती: 1934 साली स्थापन झालेली संघीय गृहनिर्माण यंत्रणा आणि 1944 चा माजी सैनिकांचा कायदा यांच्या आधारावाचून लेविटला भांडवलच मिळाले नसते. त्याच सरकारी हमीच्या छायेत झालेल्या करारात एक कलम होते: या घरात गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणासही राहता येणार नाही, मात्र नोकर म्हणून ठेवता येईल. 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने असले करार न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. कलम कागदावरून गेले, व्यवहारातून गेले नाही. युरोपच्या रणभूमीवरून परतलेला काळा सैनिक बाहेरच राहिला.

एंगल्सने 1872 साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना इशारा दिला होता की कामगाराला घराची मालकी देणे म्हणजे त्याला एका जागी जखडून दुबळे करणे. नासाऊमध्ये याहूनही वेगळे काहीतरी घडले. घर हे राहण्याचे ठिकाण न उरता कुटुंबाची एकमेव पुंजी बनले. या कौंटीत 56 शालेय जिल्हे आहेत आणि शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीतून चालतो. म्हणजे घर महाग तेथे शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग. जीवनमान येथे घराच्या किमतीबरोबर वाटले जाते. मग शेजारी कोण येतो याची चिंता मालकाला वाटू लागते. लेविटचे भाकीत खरे ठरले ते एवढ्यापुरतेच: घरामागची कामे नव्हेत, कुंपणाची राखण त्या माणसाला गुंतवून ठेवते.

येथे कोणी विचारील, मग कामगारांच्या मालकीच्या घरांसाठी आपण लढू नये काय? सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी लाल बावट्याखाली सहकारी संस्था करून कुंभारी येथे दहा हजार घरे मिळविली. ती 2006 साली त्यांच्या हाती आली. त्याच चळवळीने पुढे असंघटित कामगारांच्या 30,000 घरांची रे नगर योजना हाती घेतली आणि त्यांपैकी 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये ताब्यात आली. मालकी दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती संघटनेतून मिळाली, दुसऱ्या ठिकाणी बँकेच्या खिडकीवर एकेकट्याला.

नासाऊमधील कुंपण आज कायद्याच्या भाषेत बोलते. गार्डन सिटी या सधन गावाने 2004 साली एका सरकारी जागेवर बहुकुटुंबी इमारती येऊ नयेत अशी नियमरचना केली. हा वांशिक भेदभाव होता असा निकाल 2013 साली लागला आणि 2016 साली अपिलातही तो कायम राहिला. 2019 साली 'न्यूजडे' या लाँग आयलंडच्या दैनिकाने गोऱ्या आणि बिगरगोऱ्या ग्राहकांच्या जोड्या दलालांकडे धाडून पाहिल्या. काळ्या ग्राहकांना सुमारे निम्म्या वेळा वेगळी वागणूक मिळाली. घरांतील भेदभावास बंदी करणारा संघीय कायदा होऊन तेव्हा 51 वर्षे लोटली होती.

आता कुंपणाच्या आतल्यांची मुलेही बाहेर पडत आहेत. लेविटच्या त्या घरांच्या किमती आता काही लाख डॉलरांत गेल्या आहेत आणि तेथेच वाढलेल्या तरुण शिक्षिकेला वा परिचारिकेला ते घर परवडत नाही. कित्येक श्रमिक कुटुंबे बेकायदा भाड्याने दिलेल्या तळघरांत राहतात. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी 2023 साली दहा वर्षांत आठ लाख घरांची योजना मांडली; तीत रेल्वे स्थानकांजवळ अधिक दाट वस्तीला वाव देणे गावांवर बंधनकारक होते. लाँग आयलंडमधून दोन्ही भांडवली पक्षांच्या प्रतिनिधींनी कडवा विरोध केला, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या वाटाघाटींत ती योजना बारगळली.