आडव्या जाणाऱ्या दोघी

(कर्जत-खालापूर परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



रेशन, दारूबंदी, बचत गट यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मला शोकाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही एका मांजरीच्या निमित्ताने. हसलात तरी चालेल.

आपला भाग भातशेतीचा. घरात भात आले की मागोमाग उंदीर येतात, म्हणून मांजर लागते. पण तिला मान नाही. ती आडवी गेली की निघालेला माणूस थबकतो. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असेही तोच सांगतो! आता आठवून बघा, कामाला निघताना आणखी कोण समोर आले की लोक तोंड फिरवतात? विधवा बाई. म्हणजे समाजाने या दोघींना एकाच रांगेत बसवले आहे.

चार वर्षांपूर्वी माझे पती गेले. मी समाजकार्यात एम.ए. केलेली. शोक म्हणजे काय, समुपदेशन कसे करावे, सगळे वर्गात शिकले होते. घरी माणसे येत. कोणी म्हणे, "मुलीकडे बघून धीर धर." कोणी विचारी, "आता इथेच राहणार का?" तेराव्यानंतर पावले थांबली. शेजारणी वाईट नव्हत्या. पण बोलायच्या त्या उंबऱ्याबाहेरून, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी माझे दार टाळून पुढे जायच्या. मला लिहायची सवय होती, तीही सुटली. वही उघडायची आणि तशीच मिटायची.

घरात मनी होती, ह्यांची लाडकी. संध्याकाळची लोकल कर्जतला येण्याच्या वेळी ती दारात जाऊन बसायची. महिनाभर तशीच बसत राहिली. मग माझ्या मांडीवर येऊ लागली. मी सवाष्ण की विधवा, हा प्रश्न तिला नव्हता. मांडीवर मांजर घुरघुरत असले की पटकन उठवत नाही. मी बसून राहायची आणि तेवढ्यात रडून घ्यायची. पहाटे ती दुधासाठी ओरडायची, म्हणून मला उठावे लागायचे. पुढे लिहायला लागले, तर पहिले पान तिच्यावरच लिहिले.

मांजरीला माझे दुःख समजले, असा माझा दावा नाही. तिला ऊब हवी होती, मलाही हवी होती. पण तिने तीन गोष्टी केल्या: जवळ आली, उपदेश केला नाही, आणि रोज आली. माणसांना हे का जमत नाही? कारण नवरा गेलेल्या बाईला शिवायचे नाही, तिने पुढे यायचे नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठराव हवाच. पण दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या शेजारी जाऊन बसणे ठरावाने होत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.

हा प्रश्न फक्त नवरा गेलेल्या बाईचाही नाही. आपल्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. ज्यांचा देहच मिळाला नाही, त्यांच्यासाठी कुठे बसून रडायचे? पंचनाम्यात घर, माणूस, गुरे यांची नोंद होते. सोबत गेली, त्यासाठी रकाना नसतो.

म्हणून गटांपुढे माझे एवढेच म्हणणे आहे. कोणाकडे मृत्यू झाला तर तेराव्यापर्यंत सगळेच जातात. आपण महिन्यानंतर जाऊ, तीन महिन्यांनंतरही जाऊ. धीर धर म्हणायचे नाही. हात हातात घ्यायचा, रडली तर रडू द्यायचे. हळदीकुंकू करायचेच असेल तर पहिले बोलावणे तिला. तिच्याकडे मांजर, शेळी, कोंबडी काही असेल तर त्यांचीही चौकशी करायची. कोणाला तरी आपली गरज आहे, एवढ्यावरही माणूस सकाळी उठतो.

आणि सातबाऱ्याला वारस म्हणून तिचे नाव लागले का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला का, हे बघायचे. मांजर मांडीवर बसू शकते, तहसील कचेरीत जाऊ शकत नाही. आपण दोन्ही करू शकतो.