विडी, सिगारेट आणि आपली पायरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस धूम्रपानावर दोन शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. ज्याने स्वतः एकवीस वर्षे सिगारेट ओढली त्याने व्यासपीठावरून उपदेश करावा, हे आमच्या मनास पटेना. शेवटी असे ठरले की, उपदेश करू नये. जे वाचले, पाहिले व भोगले तेवढेच सांगावे. तेही एकाच प्रश्नापुरते. मनुष्याची सामाजिक पायरी बदलली म्हणजे त्याच्या हातातील तंबाखूचे रूप का बदलते, हा तो प्रश्न होय.

तंबाखू आपल्या देशात पोर्तुगीजांनी आणली. सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापुरास चांगली रुळलेली होती. तेथूनच असद बेग नावाच्या मोगल वकिलाने ती नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. १६१७ साली जहांगीराने तिला मनाई केली, पण ती कोणी मानली नाही. पुढे हुक्का सरदाराच्या बैठकीत, तपकीर शास्त्रीबुवांच्या डबीत आणि चिलीम कुणब्याच्या हाती, अशी तिची वाटणी झाली. कारखाने व कचेऱ्या आल्या तेव्हा मजुराने विडी घेतली व कारकुनाने सिगारेट. तंबाखू एकच, परंतु ती कशातून ओढतो त्यावरून मनुष्याची योग्यता ठरू लागली.

आमचे वडील हातमागावर लुगडी विणीत. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. मधून मधून मागावरून उठून ते ओट्यावर येत व विडी शिलगावीत. सायंकाळी शेजारची चार माणसे जमत आणि ओल्या छापीची चिलीम हातोहात फिरे. जो त्या चिलमीस तोंड लावी तो आपला, असा तेव्हाचा साधा हिशेब होता.

आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि १९८० साली शाळेत लागलो. पहिला पगार हाती आला त्या दिवशी आम्ही आईला लुगडे घेतले नाही (ते घरचेच मिळे), तर सिगारेटचे एक पाकीट घेतले. असे का केले, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. त्या काळी मासिकांच्या मलपृष्ठावर सिगारेटच्या जाहिराती असत. नीटनेटका कोट घातलेला तरुण आणि शेजारी हसरी पत्नी. मागावर बसलेला मनुष्य त्या चित्रात कधीच नसे. तो कोट आम्हांस परवडण्यासारखा नव्हता, तसले घर तर नव्हतेच. त्या साऱ्या चित्रातील एकच वस्तू आमच्या आवाक्यातील होती, आणि ती आम्ही विकत घेतली. नव्याने वर चढणाऱ्या वर्गास सिगारेटचा मोह का पडतो, याचे आम्हांस सापडलेले उत्तर हे एवढेच आहे.

आपल्या लग्नकार्यांतही हेच चाले. वरपक्षाच्या पानसुपारीच्या तबकात सिगारेट मांडलेली असे आणि वाजंत्र्यांस विड्यांचे बंडल मिळे. आज ही चाल उरलेली नाही, पण ज्यांनी पाहिली ते मान डोलावीत आहेत.

एकदा सोयरीक ठरविण्यास पाहुणे आले असता आम्ही आप्पांस आत बोलावून सांगितले की, कृपा करून त्यांच्यासमोर विडी पेटवू नका. आप्पांनी पेटलेली विडी मुठीत लपविली व ते मागील दाराने बाहेर गेले. आमचा स्वतःचा डौल मात्र असा की, महिनाअखेर पैसे सरले म्हणजे पाकीट सिगारेटचे आणि आत विड्या! एके दिवशी खुंटीवरील सदऱ्यातून ते पाकीट पडले व विड्या आप्पांच्या पुढ्यात पसरल्या. त्यांनी त्या एकेक वेचून परत पाकिटात भरल्या आणि म्हणाले, “मास्तर, आमचीच ओढता, मग लपविता कशाला?” त्यापूर्वी त्यांनी आम्हांस मास्तर म्हणून कधी हाक मारली नव्हती.

आम्ही हे पाकीट खिशात मिरवीत होतो तेव्हा वरच्या पायरीवरील माणसे विलायतेत सिगारेट टाकूनही देत होती. डॉल आणि हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. पुढल्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांसच त्यांच्या सवयी विचारल्या. सुमारे ४० हजारांनी उत्तरे धाडली. या पाहणीचा पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आधी जातो, असा तो होता. ही वार्ता प्रथम डॉक्टरांनी मनावर घेतली, मागोमाग अन्य सुशिक्षितांनी. मजूर मागे राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे धनिक व श्रमिक यांच्या धूम्रपानात फारसा फरक नव्हता. आता अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत धूम्रपानाचे प्रमाण वरिष्ठ अधिकारीवर्गाच्या दुपटीहून अधिक आहे.

आपल्या देशात २०१६-१७ च्या पाहणीत विडी ओढणारे प्रौढ शेकडा ७.७, तर सिगारेट ओढणारे शेकडा ४ आढळले. विडी पानाची, म्हणून सौम्य, ही समजूत खोटी आहे. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथे ज्या भगिनींनी तेंदूची पाने कातरून विड्या वळल्या, त्यांच्या नाकातोंडात तर न ओढताच तंबाखूची धूळ गेली. त्यांच्याविषयी स्वतंत्र व्याख्यान व्हावे, अशी आमची मंडळास सूचना आहे.

आप्पा १९९४ साली दम्याने व खोकल्याने गेले. अखेरच्या दिवसांत ते उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत. आम्ही सिगारेट सोडली ती त्यानंतर सात वर्षांनी, तीही डॉक्टरांनी आमच्या छातीचे चित्र दाखविल्यावर. या सात वर्षांचा जाब आम्हांस कोणी विचारला नाही.

गेल्या वर्षी याच सभागृहात गुणवंतांचा सत्कार झाला. बाहेर टपरीपाशी आपल्याच ज्ञातीतील एक तरुण उभा होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत चांगल्या पगारावर आहे. आम्हांस पाहताच त्याने सिगारेट मुठीत लपविली. आम्ही त्यास रागावलो नाही. कंपनीत सर्वच ओढतात काय, एवढेच विचारले. तो ओशाळून म्हणाला, “नाही गुरुजी. आम्ही नवीन पोरेच खाली येतो. मोठे साहेब कोणी ओढत नाहीत, ते पहाटे टेकडीवर पळायला जातात.”