स्पिनोझाचा ईश्वर आणि मनुष्याचें स्वातंत्र्य

भंडारा जिल्ह्यांत बपेऱ्याच्या बांध्यांत धान निसवण्याच्या वेळीं पाऊस दडी मारतो, तेव्हां सहज उद्गार निघतो, ‘देव कोपला!’ मागोमाग प्रश्न येतो, पाप कोणाचें?

ॲम्स्टरडॅम येथें १६३२ सालीं जन्मलेल्या स्पिनोझास असा कोपिष्ट ईश्वर मान्य नव्हता. ईश्वर आणि सृष्टि एकच. तेथें रागलोभ नाहींत, अटळ कार्यकारणभाव आहे, असें त्याचें प्रतिपादन. १६५६ मध्यें त्याच्या ज्यू समाजानें पाखंडी ठरवून त्यास बहिष्कृत केलें. भिंगें घासून तो राहिला; विचारस्वातंत्र्यास बाध येईल म्हणून १६७३ मध्यें त्यानें हायडेलबर्ग येथील प्राध्यापकपदहि नाकारलें.

सर्वच कारणांनीं बांधलेलें असेल, तर मनुष्य स्वतंत्र कसा? मृत्यूनंतर १६७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’ ग्रंथांत त्याचें उत्तर आहे. मन आणि शरीर या एकाच वस्तूच्या दोन बाजू. म्हणून भय, क्रोध हे विकारहि सृष्टिनियमांनींच उपजतात. त्यांचें कारण स्पष्ट कळलें कीं त्यांची पकड सैल होते. हेंच मनुष्याचें स्वातंत्र्य.

एवढ्यानें पाऊस येत नाहीं, पीक करपतेंच. परंतु अवर्षण ही कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे, हें उमजलेला शेतकरी शेजाऱ्यावर बोट ठेवीत नाहीं. तळ्यांत उरलेल्या पाण्याची वांटणी तो विचारानें करूं लागतो.