चोरवाटा आणि वर्गणी

चित्रपट व गाणी फुकट पुरवणाऱ्या चोरट्या संकेतस्थळांवर बंदी घातली की तेथील गिऱ्हाईक निमूटपणे पैसे मोजू लागेल, असे निर्माते छातीठोकपणे सांगतात. आणि फुकटाची चटक लागलेला मनुष्य जन्मात दमडी सोडणार नाही, असे त्यांचे प्रतिपक्षी तितक्याच ठामपणे बजावतात. निव्वळ तर्काने न सुटणाऱ्या या वादाची प्रत्यक्ष परीक्षा इंग्लंडात झाली आहे.

2012 साली तेथील उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून इंटरनेट पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी ‘पायरेट बे’ या नामांकित स्थळाची वाट अडवली. पत्ता टाकावा तो चित्रपटाऐवजी न्यायालयीन मनाईची सूचना पुढ्यात यावी, असा बंदोबस्त झाला. परंतु अमेरिकेतील संशोधकांनी ग्राहकांच्या वर्तनाची छाननी केली, तेव्हा अधिकृत सेवांचा वापर तसूभरही वाढलेला दिसेना. मंडळी शेजारच्या चोरट्या स्थळांवर गेली होती, आणि काहींनी बंदीला बगल देणाऱ्या व्हीपीएनचा आसरा घेतला होता. पुढे 2013 मध्ये 19 आणि 2014 मध्ये 53 स्थळे बंद झाली, तेव्हा मात्र पारडे फिरले. 2014 च्या बंदीनंतर त्या स्थळांच्या गिऱ्हाइकांचा वर्गणीच्या सेवांवरील वावर 7 ते 12 टक्क्यांनी वाढला, आणि नवे वर्गणीदारही लाभले.

या मंडळींची सदसद्विवेकबुद्धी एकाएकी जागृत झाली, असे मला मुळीच वाटत नाही. एकामागून एक वाटा बंद होताना नवी चोरवाट शोधून शोधून मंडळी कंटाळली, इतकेच. आणि कंटाळलेल्या माणसाला वळण्यासाठी नेटफ्लिक्ससारखे दुकान 2012 च्या जानेवारीपासून तेथे उघडे होते, ही गोष्ट बंदीचे गोडवे गाणारे सोयीस्करपणे विसरतात.

आपल्याकडे 2019 साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच मार्गाने पाऊल टाकले. बंद केलेले स्थळ नाव बदलून पुन्हा अवतरले, तर नवा दावा न लावता जॉइंट रजिस्ट्रारकडे अर्ज करून जुनी मनाई त्याच्यावर लागू करून घेण्याची तजवीज त्या निकालात आहे. तजवीज चोख आहे. परंतु कित्येक जुने मराठी चित्रपट आज कोणत्याही अधिकृत सेवेवर मिळत नाहीत, आणि त्यांच्या चोरट्या प्रती हुडकून दडपल्या, तरी त्यायोगे निर्मात्याच्या पदरात काही पडण्याचा संभव मला दिसत नाही.