बहिरेपण : उणीव की भाषा?



जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यात गेलेल्या मराठी प्रवाशाला तिथले एक नाव परके वाटत नाही. पुरंदरच्या तहामुळे शालेय पुस्तकात भेटलेल्या मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातला शीशमहाल याच किल्ल्यात आहे. तिथे एक ज्योत पेटली की आरशांच्या असंख्य तुकड्यांत ती उजळून निघते. पाहणाऱ्यांत एखादी कर्णबधिर व्यक्ती असली, तर तिच्या वाट्याचा आनंद तसूभरही कमी होत नाही. संध्याकाळी पायथ्याशी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो आणि किल्ल्याचा इतिहास निवेदकाच्या आवाजातून उलगडतो. तिथे लिखित मजकूर नसेल, दुभाषीही नसेल, तर तीच व्यक्ती नुसती दिव्यांची उघडझाप पाहत बसते. दुपार ते संध्याकाळ या वेळात तिचे कान बदलले नाहीत, भोवतालची व्यवस्था तेवढी बदलली.

मग बहिरेपणाला अपंगत्व म्हणावे की नाही?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, बोलण्याच्या ध्वनिपट्टीत दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबल असलेली व्यक्ती बधिर ठरते. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोषाची नोंद झालेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. शिष्यवृत्ती, श्रवणयंत्र, नोकरीतील राखीव जागा हे सारे त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. 'आम्ही अपंग नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यालाही ते जपून ठेवावे लागते. ऐन पन्नाशीत ज्याचे ऐकणे गेले, त्याच्या दृष्टीने तर ती निखळ हानीच असते.

परंतु जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेकांची भावना वेगळी आहे. जे कधी हाती नव्हतेच, ते हरवल्याचे दुःख त्यांना नसते. आपण एका भाषेचे लोक आहोत, असे ते मानतात. या म्हणण्याला शास्त्राचाही आधार आहे. १९६० मध्ये विल्यम स्टोको या अमेरिकी अभ्यासकाने सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवून दिले. भारतीय सांकेतिक भाषेचेही स्वतंत्र व्याकरण आहे. तिच्यात 'कोण', 'कुठे' हे प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवयांची हालचालही अर्थ घडवते.

या भाषेला शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, हा इतिहास आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मुखोच्चाराची पद्धत श्रेष्ठ ठरवली आणि कितीतरी देशांतील वर्गांतून हातांची भाषा हद्दपार झाली. १८८५ च्या सुमारास मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, ती अशा वाऱ्याच्या काळात. मिलानचे ते ठराव चुकीचे होते, हे याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हरच्या अधिवेशनाने २०१० मध्ये मान्य केले. मधल्या एकशेतीस वर्षांत मुलांच्या अनेक पिढ्या मोठ्या झाल्या.

मराठी माध्यमाच्या शाळेला हा प्रश्न दूरचा वाटू नये. मूल आपल्या भाषेतून शिकले तरच विचार करू लागते, या विश्वासावर अशा शाळा उभ्या राहिल्या. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरची भाषा त्यांच्या कानी पडत नाही आणि डोळ्यांना समजेल अशी भाषा घरात कुणाला येत नाही. भाषा रुजण्याची पहिली वर्षे अशी रिकामी गेली, तर पुढे जी अडचण दिसते, तिचा दोष कानांच्या माथी मारला जातो. खरी उपासमार भाषेची झालेली असते.

याचा अर्थ यंत्रे नाकारावीत असा नव्हे. वेळेवर तपासणी, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांनी अनेक मुले बोलू लागली आहेत. परंतु यंत्राचा गुण प्रत्येकाला सारखा येत नाही, आणि तो येईपर्यंत मुलाने भाषेवाचून थांबावे, असेही काही कारण नाही. दोन भाषा शिकल्याने मराठी मूल दुबळे होत नाही. मग हातांची भाषा शिकल्याने कर्णबधिर मूल बोलण्यात मागे पडेल, ही धास्ती कशाला?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांना अपंग म्हणावे की अन्यभाषक? हक्क मागताना पहिला शब्द लागतो, ओळख सांगताना दुसरा. आणि कोणता कधी वापरायचा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. ऐकणाऱ्यांकडे उरते ते काम साधे आहे. गल्लीत, नात्यात किंवा शाळेत असे एखादे मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना 'बोलायला कधी लागेल?' एवढेच विचारून थांबू नये. त्याच्याशी चार खुणांनी बोलायला आज सुरुवात करावी. सांकेतिक भाषा माध्यमिक स्तरावर विषय म्हणून घेण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ मध्ये केली आहे. मातृभाषेचे महत्त्व जाणणाऱ्या शाळेने तिच्यासाठी एक तास राखून ठेवला, तर तिच्या हीरकमहोत्सवाला ते शोभेलच.