संगणकातले हरवलेले दप्तर

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस या नात्याने चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. दरवर्षी मी हिशेब वाचून दाखवते. यंदा हिशेबच कसा हरवला आणि कितीसा सापडला, हे सांगावे लागत आहे. चूक बरीचशी माझी आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात मंडळाचा संगणक मधेच निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, विंडोज पुन्हा टाकावी लागेल. "काही ठेवायचे आहे का?" असे त्याने विचारलेही. मी मोठ्या ऐटीत म्हटले, "आमचे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे." बचतीचा हिशेब डेस्कटॉपवर होता, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे मला कुठे ठाऊक! त्याने सी फॉरमॅट केला. संगणक सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होऊन आला. तुम्हा सर्वांच्या पैशांची नोंद गेली होती. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

माझी भाची संगणकाचे शिकते. तिला फोन केला तर म्हणाली, "मावशी, आधी तो बंद कर. एक अक्षरही त्यात टाइप करू नकोस." कारण तिने नंतर समजावले. कोठीतल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या म्हणून डाळ काही नाहीशी होत नाही. घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये बहुधा यादीच पुसली जाते, मजकूर तिथेच पडून असतो. मात्र वर नवे काही लिहिले गेले की तेवढा भाग कायमचा जातो. नवीन विंडोजनेही थोडी जागा व्यापलीच होती. आमची डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीची होती हे नशीब. हल्लीच्या एसएसडीत पुसलेली जागा संगणक स्वतःच लवकर साफ करून टाकतो. मग आशा थोडीच.

फॉरमॅट न करता विंडोज टाकली असती, तर जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात मिळाल्या असत्या. आम्हाला ते फोल्डर दिसलेच नाही. मग भाचीने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक नावाची फुकट मिळणारी प्रणाली चालवली. सापडलेले सगळे तिसऱ्याच डिस्कवर घेतले, त्याच डिस्कवर नव्हे. रात्रभर ते चालले. सकाळी हजारो फायली मिळाल्या, पण नावे गेलेली, नुसते आकडे! आम्ही चौघीजणी आठ दिवस एकेक उघडून पाहत होतो. रामलिंगच्या श्रावणी सोमवारचे फोटो आले, चिवड्याची कृती आली, आणि एकदाची हिशेबाची फाइलही आली.

डी ड्राइव्हमधल्या जुन्या स्मरणिका मात्र उघडताच इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसे. ते काही हरवलेले नव्हते. पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. विंडोजबरोबर फॉन्ट गेला, तो पुन्हा टाकताच मराठी दिसू लागले. देवनागरी युनिकोडात 1991 पासून आहे, तरी आम्ही जुन्यालाच धरून बसलो होतो. आता सगळे युनिकोडात आणणे चालू आहे.

आणि मूळ बिघाड? रॅमची पट्टी सैल होऊन धूळ बसली होती! विंडोज टाकण्याची गरजच नव्हती. पडद्यावरच्या त्रुटीच्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढला असता, तर शोध लवकर लागला असता. आता हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर खजिनदारबाईंच्या कपाटात आणि एक गूगल ड्राइव्हवर असते.

सापडलेली फाइल ज्येष्ठ महिन्यापर्यंतची आहे. आषाढ आणि श्रावणाच्या वर्गण्या त्यात नाहीत. ज्यांच्याजवळ त्या दोन महिन्यांच्या पावत्या असतील त्यांनी चहापाण्यानंतर त्या मला दाखवाव्यात. वही आणि पेन घेऊन मी दाराशीच बसणार आहे.