कपाटातील पुस्तकांचे वय

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त कोलकाता येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून सोन्याचांदीच्या गलाईचे कसब घेऊन आपली माणसे देशभर पांगली. त्यांतील काही घरे या हुगळीकाठी स्थिरावली. पण शाळेची आठवण त्यांनी पुसू दिली नाही. हीरक महोत्सवाची वार्ता कळताच आपल्यापैकी अनेकांनी विचारले, ‘बाई, शाळेला काय देऊ?’ संगणकाची पुस्तके हवी आहेत, असे मी कळवले. त्यावर उत्तर आले, ‘कॉलेज स्ट्रीट जवळच आहे. चार पेट्या भरून पाठवतो.’ या औदार्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करते. मात्र पेट्या भरण्यापूर्वी माझे थोडे ऐकून घ्यावे, ही विनंती.

अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात आमची मुले डेटाबेस शिकतात. ज्यांना पुढे नोकरी करायची आहे ती त्यात अधिक खोल जाऊ पाहतात. गेल्या वर्षी बारावीतील एका मुलीने ग्रंथालयातील एक जाडजूड पुस्तक घेऊन पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्या साहाय्याने दूध संकलनाच्या हिशेबाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुस्तकातील ओळ न ओळ तिने तशीच उतरवली, तरी संगणक पहिल्याच पायरीवर अडे. तीन दिवस ती स्वतःचीच चूक शोधत बसली. दोष तिचा नव्हता. पुस्तकात डेटाबेसशी जोडणी करण्याची जी पद्धत दिली होती, ती पीएचपीच्या ७.० या आवृत्तीतून, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच, काढून टाकण्यात आली होती. शहरातल्या मुलाला हे सांगणारा कोणीतरी शेजारी असतो. आमच्या मुलीपाशी फक्त पुस्तक होते, आणि छापलेले खोटे असेल अशी शंका घेण्याचे वळण आम्ही शिक्षकांनीच मुलांना लावलेले नसते. ‘मला हे जमणार नाही’ असे म्हणून तिने ते पुस्तक परत केले, तेव्हा आमच्या संगणक शिक्षकांच्या ध्यानात खरा प्रकार आला. जुन्या पुस्तकाची किंमत रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

मी मराठीची शिक्षिका. आमच्या विषयात पुस्तक जितके जुने, तितका त्याचा मान मोठा. संगणकाच्या कपाटात मात्र दोन जातींची पुस्तके शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एक जात तत्त्वांची. एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी परस्परसंबद्ध तक्त्यांत करण्याचा विचार १९७० मध्ये मांडला. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा योजली, तिचीच आजची पिढी म्हणजे एसक्यूएल. हा पाया पन्नास वर्षांत हललेला नाही. दुसरी जात साधनांची. ओरॅकल, मायएसक्यूएल, व्हिज्युअल बेसिक, फॉक्सप्रो यांच्यापैकी कोणत्या तरी एकाच्या अमुक आवृत्तीवर ती पुस्तके उभी असतात. फॉक्सप्रो या नावावर आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांत ओळख दिसते आहे! आपण क्लासला जाऊन ते शिकलात, त्यावर दुकानांचे हिशेब चालवलेत. मायक्रोसॉफ्टने त्याची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत त्याचे साहाय्यही थांबवले. ते पुस्तक आज स्मरणिका म्हणून जपावे. मुलाच्या हाती अभ्यासाला देऊ नये.

आता कॉलेज स्ट्रीटविषयी. बंगाली लोक ज्याला ‘बोईपाडा’ म्हणतात, ती ही पुस्तकांची पेठ जुन्या पुस्तकांसाठी देशात अग्रगण्य मानली जाते. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. तत्त्वांच्या कपाटासाठी तेथेच जावे. सी. जे. डेट यांचे डेटाबेसवरील पाठ्यपुस्तक १९७५ मध्ये प्रथम निघाले आणि २००३ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली. ती आजही वाचण्याजोगी आहे. एलमास्री आणि शामकांत नवाथे यांचा ग्रंथ, तसेच सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि आपल्या मुंबईच्या आयआयटीतील सुदर्शन यांचा ग्रंथ, यांच्या एखादी आवृत्ती मागच्या प्रतीही निःसंकोच घ्याव्यात. तक्त्यांची रचना, किल्ल्या, नोंदींची पुनरुक्ती टाळण्याचे नियम ही प्रकरणे शिळी होत नाहीत. नवी आवृत्ती परवडली तर उत्तमच.

साधनांच्या पुस्तकाला मात्र कस लावल्याशिवाय हात घालू नये, आणि कस लावणे आपल्याला कोणी शिकवायला नको. शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडावी. तेथे ‘पुनर्मुद्रण २०२३’ असे ठळक दिसेल आणि विक्रेताही त्यावरच बोट ठेवेल. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. पाहायचे ते आवृत्तीचे वर्ष. ते २००९ असेल तर पुस्तक २००९ चे, मग कागद कितीही पांढरा असो. त्यानंतर प्रस्तावना वाचावी. कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे हे प्रामाणिक लेखक तेथेच सांगतो. न सांगणाऱ्याचे पुस्तक मी तरी परत ठेवीन. आणखी एक कसोटी आमच्या शिक्षकांनी मला दाखवली. वापरणाऱ्याने टाइप केलेले नाव घेऊन डेटाबेसमध्ये शोध घेण्याचे उदाहरण पुस्तकात हटकून असते. ते नाव एसक्यूएलच्या वाक्यात सरळ चिकटवलेले असेल, तर ते पुस्तक मुलाला चोरासाठी दार उघडे ठेवायला शिकवते. नाव आणि वाक्य वेगवेगळे पाठवण्याची रीत चांगली पुस्तके आरंभापासून लावतात. हे पान ओळखायला संगणक शिकणारा आपला मुलगा किंवा भाची सोबत न्यावी.

मग साधने शिकायची कशावरून? पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण घेऊ. त्याची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी निघते आणि प्रत्येकीला पाच वर्षे साहाय्य मिळते. करणारेच त्याची संपूर्ण माहितीपुस्तिका विनामूल्य देतात आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर ती नव्याने लिहितात. हजारो पानांचा तो ग्रंथ साऱ्यांनी वाचायचा नसतो. आरंभीचा शिकवणीचा भाग छापून बांधला की एक पुस्तक तयार होते. खर्च झेरॉक्सचा. अडचण इंग्रजीची आहे. ती मी लपवीत नाही.

या शहरात हे बोलताना मला औचित्य वाटते. बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिस यांच्या काळात, १९५५ मध्ये, एचईसी-२एम हा देशातील पहिला अंकीय संगणक आला. तो चालवायला शिकणाऱ्यांपुढे दुकानात मिळणारे पुस्तक नव्हते. जाणत्याच्या शेजारी बसूनच ते शिकणे होई.

म्हणून, पेट्यांऐवजी माझी मागणी निराळी आहे. एकदाच मोठी रक्कम देऊन कपाट भरू नका. तेवढीच रक्कम पाच भागांत, दर जूनमध्ये द्या. तिच्यातून त्या वर्षीची दोन-तीन पुस्तके आम्ही घेऊ आणि जी कालबाह्य झाली त्यांचे निर्लेखन करू. दाखल नोंदवहीतून पुस्तक कमी करायला शाळा घाबरतात, तपासणीत कोणी विचारील म्हणून. ठराव व्यवस्थापन समितीत घेऊन मी ती जबाबदारी स्वीकारते. आणि ज्यांची मुले-सुना सॉल्ट लेकच्या संगणक कंपन्यांत आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास फोनवरून आमच्या मुलांसोबत ती इंग्रजी पुस्तिका मराठीतून वाचावी. शनिवारी शाळा सकाळची असते. अकरानंतर संगणक कक्ष मोकळा आहे.

ती दूध संकलनाची मुलगी आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचा प्रोग्रॅम नव्या पद्धतीने पुन्हा लिहून झाला, पण गाय आणि म्हैस यांच्या दुधाचे दर वेगवेगळे कसे साठवायचे यावर ती अडली आहे. पहिल्या शनिवारच्या तासाला ती येणार आहे. आपल्यापैकी कोण फोन करणार, त्यांनी नाव आणि क्रमांक आज जाण्यापूर्वी आमच्या शिक्षकांकडे लिहून द्यावा.